सहकाऱ्याची वापरलेली एआर-१५ घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतात, सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी हातात आलं. ऑफिसातला एकजण आपली कोल्ट कंपनीची एआर-१५, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफल, विकतोय. घेतली २०१३ साली, चालवली त्याच्या म्हणण्याप्रमाणे ‘फार तर पाचशे राउंड’. सोबत रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट), टॉर्च, पुढे धरायची मूठ आणि सहा मॅगझिन, सगळं मिळून ११०० डॉलर. हेतू दोन: शनिवार-रविवार रेंजवर नेमबाजी, आणि वेळ पडलीच तर घराचं संरक्षण. घ्यावी का, आणि घेण्याआधी नेमकं काय बघावं?

मी टेक्सासातच एका रेंजवर सेफ्टी ऑफिसर म्हणून उभा असतो आणि उरलेल्या वेळात एका गनस्मिथकडे दुरुस्तीच्या बाकावर काम करतो. असल्या ‘फारशा न वापरलेल्या’ रायफली बाकावर रोज येतात. विकणारा खोटं बोलतो असं नाही. किती गोळ्या झाडल्या ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि आठवणीतला आकडा नेहमी लहान असतो. म्हणून आकडा विचारून सोडून द्या. रायफल स्वतःच सांगते, फक्त कुठे बघायचं ते ठाऊक हवं. आणि टॉर्च, मूठ, रेड डॉट यांच्याकडे आधी बघायचंच नाही. जुन्या मोटारसायकलला नवं सीट कव्हर घातल्याने इंजिन नवं होत नाही.

रायफलीच्या आधी तुमचं स्वतःचं तपासू. ग्रीन कार्डवाल्याला अमेरिकेत बंदूक घेता येते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा व्हिसावरच्या माणसाला मात्र फेडरल कायदा बंदूकच काय, काडतूसही बाळगू देत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत आणि कुठल्या तरी राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं हा त्यातला नेहमीचा. आपली कित्येक मुलं व्हिसावर असताना वीकेंडला रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक चालवतात, फोटो टाकतात. काउंटरवरच्या पोराने विचारलं नाही म्हणजे चालतं, असा त्यांचा समज. कायद्यात ‘ताबा’ हा शब्द आहे, मालकी नव्हे. शस्त्राविषयीचा गुन्हा इमिग्रेशन कायद्यात देशाबाहेर काढण्याचं कारण ठरतो, आणि ग्रीन कार्डवाल्यालाही ते लागू आहे. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचाय ना? मग इथे ‘चलता है’ नको.

टेक्सासचे रहिवासी असलेल्या दोघांनी आपसात बंदूक विकली-घेतली, तर दुकानाची पायरी चढायचं बंधन नाही. तरीही तुम्ही चढा. परवानाधारक दुकानदार पंचवीस-पन्नास डॉलर घेऊन व्यवहार आपल्या वहीतून करून देतो. तुम्ही फॉर्म ४४७३ भरता, तो एनआयसीएसवर, म्हणजे एफबीआयच्या पार्श्वभूमी तपासणीच्या यंत्रणेवर, तुमची चौकशी करतो. ही पद्धत १९९८ पासून चालू आहे. ग्रीन कार्डवरचा ए-नंबर (परदेशी नागरिक म्हणून तुमचा नोंदणी क्रमांक) आणि टेक्सासचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. फायदा हा की कोणत्या तारखेला, कोणत्या स्थितीत तुम्ही ती घेतली याचा कागद तयार होतो. त्या फॉर्मवर गांजाविषयी एक प्रश्न आहे. कोलोरॅडोत कायदेशीर असलेली गांजाची गमी (चघळायची गोळी) घेतली, डॉक्टरने लिहून दिली, काही सांगा. फेडरल फॉर्मच्या लेखी तो अमली पदार्थच. उत्तर खरं द्यायचं, आणि खरं उत्तर ‘हो’ असेल तर बंदुकीचा विचार तिथेच थांबवायचा. एक लक्षात ठेवा, ही चौकशी तुमची होते, रायफलीची नाही. ती चोरीची आहे का ते यात कळत नाही. विक्रेत्याकडे मूळ पावती असेल तर मागून घ्या.

आता रायफल हातात घेऊ. मॅगझिन काढा, चार्जिंग हँडल (वरच्या भागाच्या मागचा ओढायचा खटका) मागे ओढून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, मागे अडकवा, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. समोरच्याने ‘रिकामी आहे’ म्हटलं तरी. बंदुकीचा जाणकार याने चिडत नाही. चिडला तर त्याच्याकडून घेऊच नका.

पहिली नजर कायद्याच्या खुणांवर. एआर-१५ मध्ये कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे खालचा भाग, लोअर रिसीव्हर, कारण क्रमांक त्याच्यावर असतो. तो स्पष्ट कोरलेला हवा; घासलेला, खाडाखोड केलेला किंवा नसलेला असेल तर नमस्कार करून निघा. सेफ्टीचा खटका दोनच ठिकाणी थांबला पाहिजे, ‘सेफ’ आणि ‘फायर’. तिसऱ्या ठिकाणी जात असेल, किंवा त्या खटक्याच्या वर रिसीव्हरला आणखी एक आरपार पिन दिसत असेल, तर ती मशीनगन मानली जाण्याची शक्यता मोठी. १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला घेताच येत नाही. तसंच, खांद्याला लावायचा दस्ता असलेल्या रायफलीची नळी १६ इंचांहून आखूड असेल तर ती १९३४ च्या कायद्यात जाते, तिची वेगळी नोंदणी लागते. नळी मोजायची रीत सोपी: रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, साफ करायची कांडी तोंडातून आत सोडा, बोल्टला टेकली की तोंडापाशी खूण करा, बाहेर काढून टेपने मोजा. तोंडावरचं नळकांडं वेल्ड वगैरे करून कायमचं बसवलेलं असेल तरच त्याची लांबी धरायची. कोल्टच्या नेहमीच्या मॉडेलची नळी १६.१ इंच असते, तेव्हा तुमच्या बाबतीत बहुधा अडचण नाही. पण इतक्या वर्षांत मालकाने काय बदललंय ते मोजल्याशिवाय कळत नाही.

काही जुन्या कोल्टांवर ‘फक्त लष्कर, पोलीस वा निर्यातीसाठी’ अशा अर्थाची कोरीव ओळ दिसते आणि नवखे लोक दचकतात. ती असल्या रायफलींवर १९९४ ते २००४ मध्ये असलेल्या फेडरल बंदीच्या काळाची शेपूट. बंदी १३ सप्टेंबर २००४ ला संपली, टेक्सासात त्या ओळीला आता अर्थ उरलेला नाही. उलट काही हौशी तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजतात. कशाला ते त्यांनाच ठाऊक.

मागची पिन ढकलून रायफल उघडा आणि बोल्ट कॅरिअर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो भाग, बाहेर काढा. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, तुमचाही जाऊ द्या. विक्रेत्याच्या परवानगीने बोल्ट वेगळा काढा, काजळी चिंधीने पुसा, भिंग घ्या, मोबाईलची टॉर्च तिरकी धरा. बोल्टच्या पुढच्या टोकाला गोल कडेने सात दात असतात आणि आठव्या जागी एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा. दर गोळीला सगळा दाब या दातांवर येतो. एक्स्ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंचे दात तडकतात आधी, कारण तिथे धातूला आधार कमी. तडा केसाएवढा असतो. दाताच्या मुळाशी, कोपऱ्यात, काळ्या रेघेसारखा. रेघ पुसली तर काजळी होती, नाही पुसली तर तडा. दुसरी जागा कॅम पिनचं (बोल्टला फिरवणाऱ्या पिनचं) भोक, कारण बोल्टचा तो भाग सर्वांत पातळ. चांगल्या पोलादाचा बोल्ट पाच ते दहा हजार गोळ्या सहज काढतो. पाचशे गोळ्यांच्या रायफलीत तो तडकलेला सापडला तर आकड्याबद्दल जे समजायचं ते समजा. बोल्टवर एमपी अशी अक्षरं कोरलेली असतील तर त्याची चुंबकीय तपासणी झालेली आहे. कोल्टच्या बोल्टवर ती असतात. नसतील तर कोणीतरी बोल्ट बदललाय, आणि का बदलला ते विचारायला हरकत नाही.

बोल्टच्या शेपटीला तीन बारीक कड्या असतात, गॅस धरून ठेवणाऱ्या. त्यांची परीक्षा बाकावर होते. कॅरिअरमधला बोल्ट पूर्ण पुढे ओढा आणि सगळं बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभं करा. कॅरिअर तसाच उभा राहिला तर कड्या ठीक, आपल्याच वजनाने खाली बसला तर झिजल्या. हा दोष किरकोळ आहे, कड्या काही डॉलरात मिळतात. पण वापर किती झालाय याचा चांगला साक्षीदार. कॅरिअरच्या माथ्यावर नळीसारखा एक तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. त्या स्क्रूंच्या कडेचा धातू पंचाने ठोकून स्क्रूच्या डोक्यावर दाबलेला पाहिजे, नुसता स्पर्श केलेला नव्हे, चांगला खोल. स्वस्त रायफलीत नेमकं हे काम उरकून टाकलेलं असतं. स्क्रू सैल झाले की गॅस गळतो, बोल्ट पुरता मागे जात नाही, आणि मालक वर्षभर काडतुसांना दोष देत राहतो. दस्ता ज्या नळीवर बसतो तिच्या पुढच्या टोकाच्या, रिसीव्हरला लागून असलेल्या मोठ्या नटालाही असंच ठोकलेलं असावं.

तुम्ही सांगितलेलं २०१३ हे साल मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. डिसेंबर २०१२ मधल्या सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारानंतर पुन्हा बंदी येणार या धास्तीने लोकांनी दुकानं रिकामी केली. कोण कुठले सुटे भाग जुळवून रायफली विकत होतं याला धरबंध नव्हता. म्हणून लोअरवर कोल्टचं घोड्याचं बोधचिन्ह दिसलं की वरचाही भाग कोल्टचाच असेल असं धरून चालू नका. पिना दोन, काढायला अर्धा मिनिट. वरचा अर्धा कुठलाही बसतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा. अस्सल कोल्टच्या नळीवर ‘सी एमपी ५.५६ नाटो १/७’ असा मजकूर असतो. ‘१/७’ म्हणजे नळीतल्या पिळाचा एक पूर्ण वेढा ७ इंचांत. १९६० च्या दशकात हलक्या ५५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीसाठी १/१२ पुरत होता; १९८० च्या दशकात सैन्याने लांब, जड गोळी घेतली तेव्हा पीळ घट्ट करावा लागला. तुम्हाला १/७ वर कोणतीही बाजारी गोळी चालेल. नळीवर नुसतं ‘.२२३’ असेल तर मात्र जपा. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं बाहेरून सारखीच, पण ५.५६ च्या चेंबरपुढची मोकळी जागा जास्त असते. ५.५६ च्या नळीत .२२३ बिनधास्त चालवा. उलटं केलं तर दाब वाढतो.

नळीच्या आत बघायला हल्ली फोनला जोडायचा बारीक कॅमेरा स्वस्तात मिळतो, एखाद्या शूटर मित्राकडून एका दिवसासाठी मागून आणा. बघायची जागा चेंबरच्या लगेच पुढची, जिथे पीळ सुरू होतो. नव्या नळीत पिळाच्या कडा धारदार दिसतात. भरपूर, आणि विशेषतः भराभर, चालवलेल्या नळीत तो भाग सुसरीच्या कातड्यासारखा भेगाळलेला दिसतो आणि पीळ पुढे सरकल्यासारखा वाटतो. थोड्या भेगा म्हणजे नळी मेली असं नाही. क्रोमचं अस्तर सोलून निघालं असेल तर मात्र नव्या नळीचे पैसे मनात धरा. गनस्मिथकडे घसा (पीळ सुरू होतो तो भाग) मोजायचं गेज आणि हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं काडतुसासाठीचं अंतर मोजायची, गेजं असतात. वीस-तीस डॉलरात तो दोन्ही मोजून देईल, आणि तुम्ही या व्यवहारात खर्च केलेले सर्वांत शहाणपणाचे पैसे ते असतील. तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवा, धागा अडकला तर तिथे खरवड आहे.

वरचा आणि खालचा भाग एकमेकांत किंचित हलतात म्हणून लोक फार चिंता करतात. हलू दे. नेमबाजी नळी, बोल्ट आणि चाप यांच्यात असते. आतल्या रुळांवरचा काळा रंग उडालेला असणं हेही वापराचं लक्षण, दोषाचं नव्हे.

चापाची परीक्षा रिकाम्या रायफलीवर. सेफ्टी लावून चाप ओढा, काही होता कामा नये. सेफ्टी काढून ओढा, घोडा (आतला हॅमर) पडल्याचा आवाज आला पाहिजे. चाप तसाच दाबून धरा, चार्जिंग हँडल मागे ओढून सोडा, आता चाप हळूहळू पुढे येऊ द्या. स्पष्ट ‘टक्’ जाणवलं पाहिजे, आणि पुन्हा ओढल्यावर घोडा पुन्हा पडला पाहिजे. हे टक् जाणवलं नाही, किंवा घोडा बोल्टच्या मागे आपणच खाली येत असेल, तर ती रायफल आज रेंजवर न्यायचीच नाही. एका ओढीत दोन गोळ्या सुटणं हा अपघातही आहे आणि कायद्याची भानगडही.

मग रेंज. विक्रेता सोबत यायला तयार नसेल तर मला शंका येते. त्याची मॅगझिनं बाजूला ठेवा, एक नवं कोरं आणा. पंधरा डॉलरच्या आसपास मिळतं आणि रायफलीचे निम्मे ‘रोग’ खरं तर मॅगझिनचे असतात. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा आणि झाडा. बोल्ट मागे अडकून राहिला पाहिजे. हेच पाच-सहा वेळा करा. एकदाही पुढे आला, तर गॅस कुठेतरी कमी पडतोय. नंतर दहा गोळ्या झाडताना पुंगळ्या कुठे पडतात ते सोबतच्याला बघायला सांगा. नळीचं तोंड घड्याळातले १२ धरलं तर पुंगळ्यांचा ढीग ३ ते साडेचारच्या दिशेला पडायला हवा. एक-दोनच्या दिशेने पुढे फेकल्या जात असतील तर गॅस जास्त आहे, बोल्टवर विनाकारण मार बसतोय. मागचा वजनदार बफर बदलून बऱ्याचदा भागतं. पाचच्या मागे लुळ्या पडत असतील तर गॅस कमी.

अचूकता १०० यार्डांवर बघा, पुढे वाळूची पिशवी ठेवून. विक्रेता फोनवर नाण्याखाली झाकल्या जातील अशा तीन भोकांचा फोटो दाखवेल. तीन गोळ्यांचा सुरेख ग्रुप कोणाचाही कधी ना कधी पडतो, आणि फोटो त्याचाच निघतो. तुम्ही सलग दहा गोळ्या झाडा. बाजारातली साधी ५५ ग्रेनची काडतुसं असतील तर दहा गोळ्या तीन-चार इंचांत पडणं ही अशा रायफलीकडून रास्त अपेक्षा आहे. चांगल्या मॅच (स्पर्धेसाठीच्या) काडतुसांनी दोन इंचांच्या आसपास. आठ इंच पसरली तर आधी रेड डॉटचे स्क्रू बघा, मग नळी. काडतुसांचं एक सांगतो. गोळीला चुंबक लावून बघा, चिकटली तर तिच्या वेष्टणात किंवा गाभ्यात पोलाद आहे. पोलादी वेष्टण नळी लवकर खातं आणि अशी गोळी बऱ्याच रेंजवर चालूही देत नाहीत. स्वस्त रशियन माल २०२१ च्या निर्बंधांनंतर तसाही आटलाय. जुना सैनिकी साठा कोणी फुकट दिला तरी गंजकारक प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आहे का ते विचारून घ्या. आपल्या खडकीच्या कारखान्याचं ‘केएफ’ शिक्क्याचं जुनं .३०३ काडतूस इथले म्हातारे नेमबाज ओळखून आहेत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

रेड डॉट डोळ्याला लावल्यावर ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या चांदणीसारखा दिसला तर लगेच यंत्राला नावं ठेवू नका. फोनने भिंगातून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल असेल तर दोष तुमच्या डोळ्यांत आहे, ॲस्टिग्मॅटिझम. चाळिशी पार केलेल्या, आयुष्यभर स्क्रीनसमोर बसलेल्या आपल्या लोकांत हे फार दिसतं. अशांना साधी लोखंडी साइट किंवा कमी वर्धनाची दुर्बीण बरी. नामांकित रेड डॉटच्या नकलाही बाजारात बक्कळ आहेत, क्रमांक कंपनीकडे पडताळून घ्या.

किंमत. साधी कोल्ट नवी घेतली तर हजार-अकराशेच्या घरात पडते, त्याहून खाली पाच-सहाशेतही कामाची नवी एआर मिळते. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याची रायफल सुटी धरली तर साडेसातशे-आठशेच्या पुढे जाऊ नये, आणि तेही बोल्ट-नळी खणखणीत असतील तर. रेड डॉट अस्सल नामांकित असेल तर ११०० ठीक आहेत. अनोळखी ब्रँडचा असेल तर त्याला आणि टॉर्चला मी शून्य किंमत लावीन. बोल्ट बदलावा लागणार असेल तर दीडशे वजा करा, नळीही जाणार असेल तर सरळ नवी रायफल घ्या. गोळ्यांचं गणित वेगळंच: हजार काडतुसांना पाचशे डॉलरच्या आसपास, आणि नीट शिकायचं तर पहिल्या वर्षात हजार लागतातच. रायफल स्वस्त पडते, चालवणं महाग. मला विचाराल तर आधी एक .२२ ची साधी रायफल घेऊन सहा महिने नेम आणि श्वास बसवा. पण हा सल्ला कोणी ऐकत नाही, तेव्हा जाऊ दे.

घराच्या संरक्षणाबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तुमच्याकडच्या घरांच्या भिंती लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ पाट्यांच्या. ५.५६ ची गोळी त्यातून सहज पार होते, पलीकडे मुलांची खोली असते. मध्यरात्री, बंद खोलीत, कानाला काही न लावता या रायफलीचा एक बार झाला तरी कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. शिवाय साइट नळीपेक्षा अडीच इंच वर असते, म्हणून खोलीच्या अंतरावर गोळी ठिपक्याच्या तेवढी खाली लागते. हे सवयीने अंगात मुरलेलं नसेल तर ऐनवेळी आठवत नाही. चांगलं कुलूप, दिवे, अलार्म, आणि ९११ लावून सगळे एका खोलीत कसे जमायचे हे घरच्यांसोबत ठरवणं. तुमच्या वस्तीत याने जे साधेल ते रायफलीने साधणार नाही. नेमबाजीसाठी घेताय तर आनंदाने घ्या.

घेतल्यावर तिजोरी. लोखंडी, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली, गोळ्या वेगळ्या कुलपात. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती चालण्याजोगी बंदूक तुमच्या हलगर्जीपणाने पडली तर तो गुन्हा आहे. कोड कोणाला द्यायचा हा प्रश्न आपल्या घरांत जरा गुंतागुंतीचा होतो. समजा लग्न ग्रीन कार्डनंतर झालं आणि बायको अजून व्हिसावर आहे, तर तिजोरीचा कोड तिच्याकडे असणं म्हणजेही कायद्याच्या डोळ्यांनी ताबा ठरू शकतो. कोड एकट्या तुमच्याकडे ठेवा. आई-बाबा किंवा मेहुणा व्हिजिटर व्हिसावर आले की ‘हातात घेऊन एक फोटो काढू दे की’ असा आग्रह होतो. नाही म्हणा. गणपतीला घरी वीस माणसं जमली की रायफल हा विषयच काढू नका. ६ मे २०२३ ला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये अशाच रायफलीने आठजणांचा जीव घेतला. तो मॉल तुमच्यापासून थोड्याच अंतरावर आहे, आपली माणसं तिथे दर वीकेंडला खरेदीला जातात. तुमच्या दिवाणखान्यात बसलेल्यांपैकी कोणाला त्या दिवसाची आठवण असेल ते तुम्हाला ठाऊक नसतं.

राज्य बदलण्याचा विचारही आत्ताच करा, कारण आयटीतला माणूस दोन वर्षांत कुठे असेल सांगता येत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, डेलावेअर, इलिनॉय, वॉशिंग्टन: या राज्यांत एआर-१५ वर वेगवेगळ्या स्वरूपाची बंदी आहे. एडिसनला नोकरी लागली आणि ट्रकमध्ये सामानासोबत ही रायफल गेली, तर न्यू जर्सीत पाऊल टाकल्यापासून तुम्ही गुन्हेगार. निघण्याआधी टेक्सासातच विका. सैनिकी रायफलीची खरी हौस असेल तर दुसऱ्या महायुद्धातली एम-१ गरँड न्यू जर्सीत परवाना-कार्डावर घेता येते. तिची धाकटी बहीण एम-१ कार्बाइन मात्र तिथल्या यादीत नावानिशी बंद आहे. सरकारी साठ्यातल्या गरँड विकणारी सीएमपी ही संस्था फक्त अमेरिकन नागरिकांना विकते, म्हणून ग्रीन कार्डवर तुम्हाला ती दुकानातूनच घ्यावी लागेल.

आणि भारत. ही रायफल तिकडे नेण्याचा प्रश्नच नाही. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांत अशी अर्धस्वयंचलित रायफल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. पण खरा धोका रायफलीचा नसतो, एका सुट्या काडतुसाचा असतो. रेंजवर नेलेली पाठीवरची बॅग डिसेंबरात मुंबईच्या विमानासाठी भरली जाते आणि शिवणीत अडकलेलं एक काडतूस एक्स-रेमध्ये चमकतं. मग सुट्टीचा पहिला आठवडा पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जातो. चुकून राहिलं होतं, माहीत नव्हतं, हे कोर्टात मांडता येतं, आणि पुष्कळदा मान्यही होतं, पण ते नंतर. रेंजसाठी एक भडक रंगाची वेगळी बॅग घ्या, तिच्यात कपडे कधीही भरू नका, आणि पुंगळ्या आठवण म्हणून पुतण्यांना न्यायचा विचार मनातून काढून टाका.